अमेरिकी निकाल एकेकटे वाचू नका

पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ऑगस्टमध्ये एलएल.एम.साठी अमेरिकेला जायचं आहे, विषय राज्यघटना आणि नागरी स्वातंत्र्य. केसबुक, म्हणजे निवडक निकालांचं पाठ्यपुस्तक, हजार पानांच्या वर आहे. रोज दोन-तीन निकाल वाचते, टिपणं काढते, पण आठवडाभरात सगळे निकाल एकमेकांत मिसळून जातात. माझी वाचायची पद्धत चुकते आहे का? आणि परत येऊन भारतातच वकिली करायची असेल, तर याचा उपयोग काय?

मी महाराष्ट्रातून इथे अमेरिकेत शिकायला आले आणि गेली २२ वर्षं इथल्या एका राज्याच्या फौजदारी न्यायालयांत, वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मांडते आहे. त्या अनुभवावरून सांगते. पद्धत चुकते आहे, पण तो दोष तुमचा नाही. आपल्याकडे निकालातून रेशो, म्हणजे निकालामागचं तत्त्व, काढायचा, त्याखाली रेघ मारायची आणि तो पाठ करायचा, हीच सवय लावली जाते. अमेरिकेतला घटनेचा कायदा अशा रेघांनी हाती लागत नाही, कारण तो एका निकालात नसतोच. एका निकालाने काय म्हटलं, तीन वर्षांनी दुसऱ्याने काय मोडलं, वीस वर्षांनी तिसऱ्याने काय वाचवलं, या साखळीत तो असतो. म्हणून निकाल जोडीने वाचा, शक्य असेल तर तीन-चार एकत्र वाचा. आणि प्रत्येक निकालात कायद्याकडे वळण्याआधी हकिकत इतकी नीट वाचा की ती घरी जेवताना सांगता आली पाहिजे.

सुरुवात कुठून करायची, तर ध्वजवंदनाच्या दोन खटल्यांपासून. पेनसिल्व्हेनियात मायनर्सव्हिल नावाचं कोळसा खाणींचं छोटं गाव आहे. १९३५ मध्ये तिथल्या शाळेत बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम या बहीणभावांनी ध्वजाला सलामी द्यायला नकार दिला. कुटुंब यहोवाचे साक्षीदार या पंथाचं. देवाखेरीज कशालाही वंदन करायचं नाही ही त्यांची श्रद्धा. तोवर सलामी सक्तीची करणारा लेखी नियमसुद्धा नव्हता. शाळा मंडळाने तो आधी केला आणि मग मुलांना शाळेतून काढलं. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यावर गावाने बहिष्कार घातला. खालच्या दोन्ही न्यायालयांत कुटुंब जिंकलं. सर्वोच्च न्यायालयात ३ जून १९४० रोजी ते ८ विरुद्ध १ असं हरलं. आडनाव गोबायटस होतं, पण कारकुनी चुकीने खटल्याला नाव पडलं गोबायटिस, आणि आजही पुस्तकांत तेच आहे.

इथे थांबा आणि निकाल कोणी लिहिला ते बघा. फेलिक्स फ्रँकफर्टर. व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, लहानपणी स्थलांतर करून आलेले, न्यायाधीश होण्याआधी नागरी स्वातंत्र्यासाठी झटलेले. असा माणूस दोन मुलांच्या विरोधात का लिहितो? त्यांचं म्हणणं असं होतं की राष्ट्रीय एकात्मता हा राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे. ती कशी रुजवायची हे शाळा मंडळाने ठरवायचं, न्यायाधीशांनी नव्हे. हा युक्तिवाद हलका नाही. तो पूर्ण ताकदीने मांडता येईपर्यंत पुढे जाऊ नका. विद्यार्थी इथेच चूक करतात: हरलेली बाजू मूर्ख होती असं धरून चालतात, आणि मग जिंकलेल्या बाजूला नेमकं काय खोडायचं होतं तेच त्यांना कळत नाही.

एकटे असहमत होते ते न्यायमूर्ती स्टोन. दोनच वर्षांपूर्वी, १९३८ मध्ये, दुधात इतर तेलं मिसळण्याच्या एका बंदीबद्दलच्या कॅरोलीन प्रॉडक्ट्स खटल्यात त्यांनी एक तळटीप लिहिली होती, चौथ्या क्रमांकाची. तिचा आशय असा: आर्थिक कायद्यांत न्यायालयाने सहसा हात घालू नये, पण ज्या अल्पसंख्याकांना पूर्वग्रहामुळे निवडणुकीच्या राजकारणातून न्याय मिळूच शकत नाही, त्यांच्या बाबतीत अधिक बारकाईने तपासणी करावी लागेल. दुधाच्या खटल्यातल्या तळटिपेतलं हे बीज स्टोन यांनी मायनर्सव्हिलच्या मुलांसाठी वापरून पाहिलं. आज वर्गात तुम्हाला तपासणीच्या तीन पातळ्या शिकवतील: कडक, मधली आणि साधी. त्या कोष्टकासारख्या पाठ करण्याआधी ही तळटीप वाचा.

गोबायटिसनंतर देशभर यहोवाच्या साक्षीदारांवर हल्ले झाले. मेन राज्यात केनेबंक इथे त्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं. १९४२ मध्ये ऑपेलिकाच्या खटल्यात, जो ध्वजाबद्दल नव्हताच, तीन न्यायमूर्तींनी जाहीरपणे लिहिलं की गोबायटिसमध्ये आम्ही बहुमतात होतो, ते आमचं चुकलं. दरम्यान वेस्ट व्हर्जिनियाने गोबायटिसचा आधार घेऊन सगळ्या शाळांत सलामी सक्तीची केली होती. तिथलं प्रकरण ज्या कनिष्ठ न्यायालयापुढे आलं, त्याच्यावर गोबायटिस बंधनकारक होता. तरी तीन न्यायाधीशांच्या त्या पीठाने माणसं मोजली: सध्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या चौघांनी हा निकाल चूक असल्याचं उघड म्हटलं आहे, तेव्हा आम्ही तो पाळणार नाही. कनिष्ठ न्यायालयाने असं करावं का, यावर तासभर भांडता येईल. भांडाच. मी दरवर्षी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना यावर भांडायला लावते, आणि दरवर्षी कोणीतरी असा मुद्दा काढतं जो मला आधी सुचलेला नसतो.

वेस्ट व्हर्जिनियाचं ते प्रकरण म्हणजेच बार्नेट खटला. सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल १४ जून १९४३ ला लागला, युद्ध ऐन भरात असताना, आणि योगायोग असा की तो अमेरिकेत ध्वजदिन असतो. मत ६ विरुद्ध ३. (हेही आडनाव चुकीचंच छापलं गेलं, खरं स्पेलिंग शेवटच्या ई शिवायचं.) न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं ते वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल: आपल्या घटनेच्या तारकामंडळात एखादा अढळ तारा असेलच तर तो हा, की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या इतर कोणत्याही बाबतीत काय प्रमाण मानायचं, हे कोणीही अधिकारी, थोर असो वा किरकोळ, ठरवून देऊ शकत नाही.

वाक्य सुंदर आहे म्हणून सगळे ते उतरवून घेतात आणि निकालातला खरा बदल निसटतो. गोबायटिस धर्मस्वातंत्र्यावर लढला गेला होता: या मुलांना श्रद्धेमुळे नियमातून सूट मिळावी का? जॅक्सन यांनी प्रश्नच बदलला. ते म्हणतात, सलामी हीसुद्धा अभिव्यक्ती आहे. मग मुळात कोणाकडूनही ती वदवून घेण्याचा अधिकार सरकारला आहे का? पहिल्या प्रश्नात मुलं अपवाद मागत होती, दुसऱ्यात सरकारला आपला अधिकार सिद्ध करावा लागतो. नास्तिक मुलगा, रुसलेला मुलगा, कुठलंही कारण न देणारा मुलगा, सगळे या निकालाच्या आत येतात. वकिलीत प्रश्न कसा मांडला यावर निम्मा खटला ठरतो, आणि त्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. यानंतर फ्रँकफर्टर यांचं असहमतीचं मत शेवटपर्यंत वाचा. इतिहासातल्या सर्वांत छळल्या गेलेल्या अल्पसंख्य समाजाचा मी आहे, असं सांगून ते सुरुवात करतात आणि तरीही आपल्या जागेवरून हलत नाहीत. मला त्यांचं मत पटत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी मी ते पुन्हा वाचते.

एवढं झालं की एका पानाचं टिपण करा. कोणी काय केलं, सरकारच्या नेमक्या कोणत्या माणसाने काय केलं, खटला कुठल्या पायरीवर आहे, न्यायालयाने स्वतःला कोणता प्रश्न विचारला, मतं किती. आणि शेवटी एक ओळ: कोणती एक गोष्ट वेगळी असती तर निकाल फिरला असता? ही ओळ लिहिता आली नाही तर निकाल समजलेला नाही, पुन्हा वाचा. प्राध्यापक वर्गात तुम्हाला उभं करून हेच विचारणार आहेत, फक्त उलटसुलट करून.

प्रत्येक खटल्यात आणखी दोन गोष्टी आधी तपासायच्या. एक, समोर सरकार आहे का? धर्म आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते. एखाद्या कंपनीने तुमची पोस्ट काढून टाकली तर ती तिथे कामाची नाही. दुसरी गोष्ट, सरकार कोणतं, केंद्राचं की राज्याचं? मूळ हक्कपत्र, म्हणजे पहिल्या दहा घटनादुरुस्त्या, फक्त केंद्र सरकारवर बंधनकारक होतं. १८३३ मध्ये बॅरन खटल्यात न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, आणि तिच्यातून एकेक हक्क राज्यांना लागू होत गेला. हे काम अजून पुरतं संपलेलं नाही. इंडियानात एका माणसाने सुमारे ४०० डॉलरचं हेरॉइन विकलं. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलर. राज्याने मात्र त्याची ४२,००० डॉलरची गाडी जप्त केली, जी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशांतून घेतली होती. अवाजवी दंडाविरुद्धचं संरक्षण राज्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते या टिम्ब्स खटल्यात, २०१९ साली.

आता माझ्या रोजच्या कामातली साखळी: झडती. १९७३ च्या रॉबिन्सन खटल्यात पोलिसांनी अटकेनंतर एका माणसाच्या खिशातली चुरगळलेली सिगारेटची पुडी उघडली, आत हेरॉइनच्या कॅप्सूल निघाल्या. न्यायालय म्हणालं, अटक कायदेशीर असेल तर अंगावरच्या वस्तूंच्या झडतीला वॉरंट लागत नाही. पुढची चाळीस वर्षं हा निकाल आमच्या डोक्यावर बसला होता. माझ्या एका अशिलाच्या खिशातला फोन पोलिसांनी असाच उघडून शेकडो मेसेज वाचले. पुडी आणि फोन एक कसे, असं मी भांडले. न्यायाधीश अन्यायी नव्हते. ते म्हणाले, फरक मला दिसतो, पण वरच्या न्यायालयाने तो केलेला नाही. मी हरले, तो तुरुंगात गेला. २०१४ मध्ये रायली खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तो फरक केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की फोनची झडती आणि खिशातल्या वस्तूंची झडती सारखीच म्हणणं हे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरचं उड्डाण एकच म्हणण्यासारखं आहे. पोलिसांनी काय करायचं याचं उत्तर साधं आहे, वॉरंट आणा. तो निकाल मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला. माझ्या अशिलाला त्याचा उपयोग झाला नाही. निकाल वाचताना हा काळाचा हिशोब मनात ठेवा: साखळीतल्या दोन कड्यांच्या मध्ये माणसं अडकलेली असतात.

याच साखळीत निकालाची रुंदी मोजायला शिका. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी वॉरंटशिवाय एका माणसाच्या मोबाइलच्या १२७ दिवसांच्या हालचाली कंपनीकडून मिळवल्या, १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी. तो ५ विरुद्ध ४ ने जिंकला. विद्यार्थी लिहितात, ‘मोबाइलच्या ठावठिकाण्याला वॉरंट लागतं.’ न्यायालयाने एवढं म्हटलेलं नाही. सात दिवसांच्या नोंदी मागणं ही झडतीच, असं सांगून त्याहून कमी दिवसांचं काय, हे मोकळं ठेवलं. चालू क्षणाच्या ठावठिकाण्याबद्दल आणि एका टॉवरवरच्या सगळ्या फोनांच्या नोंदींबद्दलही मत दिलं नाही. मोकळ्या ठेवलेल्या त्या जागांतच आम्हा वकिलांचं पोट आहे. मागे जायचं असेल तर १९२८ चा ओल्मस्टेड आणि १९६७ चा कॅट्झ एकत्र वाचा. पहिल्यात फोनची तार चोरून ऐकणं झडती नव्हे, दुसऱ्यात सार्वजनिक फोनच्या खोक्याबाहेर यंत्र लावून ऐकणंही झडती. ओल्मस्टेडमधलं न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचं असहमतीचं मत आज बहुमताच्या मतापेक्षा जास्त वाचलं जातं.

अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या खटल्यांत तुम्हाला न आवडणारी माणसं भेटतील, त्याची तयारी ठेवा. चिथावणीबद्दलची आजची कसोटी १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यातली: भाषण तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्यासाठीच केलेलं हवं आणि त्यातून तसं घडण्याचा संभवही हवा, तरच शिक्षा. हा हक्क ज्याने मिळवला तो ओहायोतला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा म्होरक्या होता. त्याच्या सभेत काळ्या आणि ज्यू लोकांबद्दल काय बोललं गेलं ते वाचताना अंगावर काटा येतो. १९१९ च्या शेंक खटल्यापासून ब्रँडेनबर्गपर्यंतची पन्नास वर्षं सलग वाचलीत तर दिसेल, की आधीच्या ढिल्या कसोट्यांखाली तुरुंगात गेले ते मुख्यतः समाजवादी, युद्धविरोधी, कामगारांचे कार्यकर्ते. कसोटी कोणासाठी लिहिली गेली आणि ती कोणावर चालवली गेली, हे दोन्ही टिपणात लिहा.

गिडियनबद्दल तुम्ही ऐकलं असेलच, म्हणून थोडक्यात. फ्लोरिडातला गरीब माणूस, पूल हॉल फोडल्याचा आरोप, वकील मागितला तर मिळाला नाही, पाच वर्षांची शिक्षा. तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेला त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने घेतला आणि १९६३ मध्ये एकमताने सांगितलं की गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला वकील देणं राज्याचं कर्तव्य आहे. बहुतेक जण इथे वही मिटतात. पुढचं वाचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खटला पुन्हा चालला. न्यायालय तेच, मुख्य साक्षीदारही तोच. या वेळी उलटतपासणी वकिलाने घेतली. तो निर्दोष सुटला. ज्याच्या खटल्यामुळे पोलिसांना चौकशीआधी आरोपीला त्याचे हक्क सांगावे लागतात, त्या मिरांडाचं उलट झालं: १९६६ मध्ये तो ५ विरुद्ध ४ ने जिंकला, आणि पुन्हा चाललेल्या खटल्यात पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाशिवायही दोषी ठरला. हक्क मिळणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशिलाला समजावताना मला आजही जड जातं.

केसबुकमध्ये बहुधा ओझरती येणारी, पण तुम्ही जरूर वाचावी अशी एक जोडी सांगते. १९२२ मध्ये अमेरिकी नागरिकत्वाचा कायदा फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडत होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला न्यायालयाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू त्यात नाहीस. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद उभे राहिले: त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियनच. त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी, पुन्हा एकमताने, लिहिलं की शास्त्राचं काय घेऊन बसलात, सामान्य माणसाला गोरा म्हणजे जे समजतं तेच खरं. दोन निकाल शेजारी ठेवा. कसोटी बदलली, फक्त उत्तर बदललं नाही.

थिंदनंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात वकिली करणारे सखाराम गणेश पंडित त्यांपैकी एक. नाव मराठी कानाला घरचं वाटेल. ते १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांनी वंशाचा वाद टाळून साधी हत्यारं काढली: माझ्या नागरिकत्वाचा निर्णय न्यायालयाने दिला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या निर्णयावर विसंबून मी वकील झालो, लग्न केलं, घर केलं, आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ते जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज घेतला नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ११, रेस ज्युडिकाटा, तुम्ही दुसऱ्या वर्षी कंटाळत वाचलं असेल. त्याच तत्त्वाने एका माणसाचा देश वाचवला. आणखी एक: थिंद निकाल घटनेचा नव्हे, कायद्याच्या अर्थाचा होता, म्हणून १९४६ मध्ये संसदेने कायदा बदलताच तो निष्प्रभ झाला. बार्नेटसारखा निकाल कुठल्याही संसदेला साध्या कायद्याने बदलता येत नाही. कुठला प्रश्न घटनेचा आणि कुठला कायद्याच्या अर्थाचा, हे टिपणाच्या वरच्या कोपऱ्यात लिहीत जा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. निकालाच्या सुरुवातीचा सारांश निकाल प्रसिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याने (रिपोर्टर ऑफ डिसिजन्स) केलेला असतो, तो न्यायालयाचा शब्द नव्हे. तो उद्धृत केलात तर वर्गात आणि कोर्टात दोन्हीकडे पंचाईत होईल. मतं मोजताना निकालाशी सहमत पण कारणांशी असहमत असे किती, ते बघा. कधी कधी पाच जण एका कारणावर एकत्र आलेलेच नसतात. जुनं पुस्तक वापरत असाल तर प्रत्येक निकाल अजून उभा आहे का ते तपासा. गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा रो निकाल जवळजवळ पन्नास वर्षं टिकला आणि २४ जून २०२२ ला डॉब्समध्ये पडला. वाचायला पैसे लागत नाहीत: सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ, कॉर्नेल विद्यापीठाची कायदा माहिती संस्था, कोर्टलिसनर. ऑयेझ या संकेतस्थळावर ऑक्टोबर १९५५ पासूनच्या युक्तिवादांचं ध्वनिमुद्रण आहे. रायलीचा युक्तिवाद आधी ऐका, निकाल नंतर वाचा. न्यायमूर्तींना कुठला प्रश्न छळत होता ते कानाला कळतं.

राहिला भारतातल्या उपयोगाचा प्रश्न. अमेरिकी निकाल उचलून भारतात चिकटवता येत नाहीत. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या आपल्या कलम २१ मध्ये ‘ड्यू प्रोसेस’ (न्याय्य प्रक्रिया) हे शब्द आले नाहीत, त्याला एक कारण घटना सल्लागार बी. एन. राव यांची अमेरिकेत फ्रँकफर्टर यांच्याशी झालेली भेट. तेच फ्रँकफर्टर, न्यायाधीशांच्या हाती इतकी सत्ता देऊ नका म्हणणारे. आणि कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी दिलेली आहे, पहिल्या घटनादुरुस्तीत तशी यादी नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना न्यायमूर्ती नरिमन यांनी अमेरिकी निकाल घेतले, पण हा फरकही नोंदवला. तो परिच्छेद ब्रँडेनबर्गनंतर लगेच वाचा.

आणि केरळमधल्या तीन भावंडांचा १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला. पंथ तोच, यहोवाचे साक्षीदार. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, गात नसत, शाळेने काढलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी गोबायटिस आणि बार्नेट या दोन्हींची चर्चा केली आणि मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात एवढे तीनच निकाल वाचा, गोबायटिस, बार्नेट, बिजो इमॅन्युएल, याच क्रमाने. मग शोधा की रेड्डी यांनी मुलांना कोणत्या प्रश्नावर जिंकवलं: धर्माच्या, अभिव्यक्तीच्या, की दोन्हींच्या. उत्तर मी मुद्दाम देत नाही. टिपण पाठवलंत तर मी वाचेन.